वाकडा गुण्या

इतरांना राग यायचा आणि जायचा. नाना रागातच राहायला होते, चहापाण्यापुरते तेवढे बाहेर यायचे.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. पाठीमागे सगळे त्यांना ‘काटकोन’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नव्वद अंश म्हणजे नव्वद अंश. एकोणनव्वद दिसला की नानांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हाची गोष्ट. सासरे दारात हात जोडून उभे, आणि हे जावई बुटांसकट खुर्चीवर चढून भिंतीवरची तसबीर सरळ करताहेत. सरळ केली, खाली उतरले, लांबून डोळा बारीक करून पाहिलं, तर तसबीर सरळच होती, भिंत वाकडी निघाली. “ही भिंत कुणी बांधली?” हा जावयाचा सासऱ्यांना पहिला प्रश्न. त्यांची बायको अजून म्हणते, “तेव्हाच बाबांनी मला परत घरात घ्यायला हवं होतं.”

तर अशा या माणसाच्या टेबलावर, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना, विद्यापीठाचं काम आलं. नऊशे खुर्च्यांचं संगीत-सभागृह आणि त्याला लागून संगीतशाळा. शाळेत मुलांना रियाज करायला ओळीने बारा लहान खोल्या.

कचेरीचे मालक धाकटे साहेब. थोरले साहेब जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या चिरंजीवांना सगळे धाकटेच म्हणत. धाकट्या साहेबांचा जीव दर्शनी भागात. काच किती उंच, दिवे कुठून पडणार, फोटो कसा येणार. नाना म्हणायचे, “हॉलमध्ये लोक संध्याकाळी दोन तास बसून घरी जाणार. त्या बारा खोल्यांत पोरं चार-चार वर्षं घासणार. खरं काम तिथं आहे, पण तिकडे बघायला कुणाला डोळे आहेत?” म्हणून त्या बारा खोल्या त्यांनी भांडून स्वतःकडे घेतल्या. त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. निवृत्तीची तारीख उद्घाटनाच्या तीन महिने आधी येत होती. हे शेवटचं काम, ते उभं राहिलेलं खुर्चीवर असतानाच बघायचं. त्यासाठी त्यांनी मुदतवाढ मागितली होती, आणि धाकटे साहेब “बघू, बघू” म्हणत होते.

या कामासाठी आवाजाचं शास्त्र शिकलेल्या एक बाई सल्लागार म्हणून येत. कचेरीत त्यांचं नाव पडलं ‘आवाजवाल्या बाई’. गंमत अशी, की त्या इतक्या हळू बोलत की समोरच्याला पुढे वाकावं लागे. त्यांचं पहिलं म्हणणं नानांना पटलं. हॉलची भिंत आणि शाळेची भिंत एकमेकींना शिवता कामा नये, मध्ये वीतभर पोकळी ठेवायची, म्हणजे इकडचा ढोल तिकडे ऐकू जाणार नाही. नाना म्हणाले, “बरोबर आहे. सासू-सून एका घरात, पण चूल वेगळी.” दुसरं म्हणणं निघालं आणि भडका उडाला.

“रियाजाच्या खोल्यांत समोरासमोरच्या भिंती समांतर नकोत,” बाई म्हणाल्या. “दोन खोल्यांच्या मधली एक भिंत पाच अंश तिरकी घ्या. सहा तिरक्या भिंतींत बारा खोल्यांचं काम होईल. दाराच्या आणि खिडकीच्या बाजूचं मी फळ्या लावून बघते.”

नाना पुढे वाकलेलेच राहिले. “काय म्हणालात?”

“पाच अंश तिरकी.”

“म्हणजे दहा फुटांत दहा इंच फरक! एका टोकाला खोली आठ फूट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ नऊ?” नाना उभेच राहिले. “बाई, लोक म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही तर नाचणाऱ्याची सोय म्हणून आधीच अंगण वाकडं करून ठेवताय!”

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नानांना कचेरीच्या अरुंद बोळात नेलं. दोन्हीकडे कोऱ्या, सरळ, गुळगुळीत भिंती. “टाळी वाजवा.”

नानांनी रागाने टाळी वाजवली. टाळी संपली, पण टाळीची शेपटी संपेना. टर्र-र्र-र्र करत ती डब्यात कोंडलेल्या माशीसारखी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिली. चौतीस वर्षं नाना त्या बोळातून जात-येत होते, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या कचेरीत टाळी वाजवण्यासारखं काही झालंच नव्हतं म्हणा.

“मुलगी बासरीवर सूर लावणार,” बाई म्हणाल्या, “आणि भिंती त्याला ही शेपटी लावून परत करणार. तिला वाटणार, आपलंच काहीतरी चुकतंय. चार वर्षं तसंच वाटत राहणार.”

नानांचा राग तिथल्या तिथे वळला. बाईंवरचा उठला तो थेट भिंतींवर बसला. “चूक भिंतीची आणि बोलणी पोरीला? हा कुठला न्याय!” ते टेबलावर परतले आणि दात-ओठ खात, चोरी करत असल्यासारखं तोंड करून, आयुष्यातल्या पहिल्या सहा वाकड्या भिंती काढायला बसले. आठवडा लागला. पण काढल्या अशा, की वाकडेपणातसुद्धा केसाइतका फरक नाही. ओळीच्या टोकाला झाडू-बादल्या ठेवायची एक खोली होती, तेवढी सरळ ठेवली. तिथं कोण गाणार?

बाईंनी नकाशे पाहिले, खूश झाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “नाना, प्रत्येक कागदावर एक टीप लिहा: भिंत मुद्दाम तिरकी आहे.”

झालं. “बाई, माझ्या नकाशाला टीप लागत नाही. चौतीस वर्षांत माझी रेघ बघून कुणी ‘ही चुकून आलीय का’ असं विचारलेलं नाही. आकडा लिहिलाय, पंच्याण्णव. पंच्याण्णव म्हणजे पंच्याण्णव. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याने वीट उचलू नये!”

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. टीप काही लिहिली गेली नाही.

पुढे काम सुरू झालं. बांधकामावर मिस्त्री होता नानांचा जुना जोडीदार. तीस वर्षं नाना काढणार आणि तो बांधणार. त्यालाही टोपणनाव होतं, ‘ओळंबा’. भिंतीला ओळंबा लावून बघायची दोरी-वजनं इतरांच्या थैलीत असतात, याच्या डोळ्यातच होती. साईटवरचा इंजिनिअर त्याची भिंत मोजतसुद्धा नसे. एरवी नाना दर आठवड्याला साईटवर जाऊन आरडाओरडा करून येत, पण नेमका त्या महिन्यात धाकट्या साहेबांनी हॉलचा सज्जा चार वेळा बदलला आणि नाना टेबलाला बांधले गेले. चौथ्या आठवड्यात ते आणि बाई साईटवर पोचले तेव्हा बारा खोल्या छतापर्यंत उभ्या होत्या. विटा अशा बसवलेल्या, की नुसतं बघत राहावं.

बाई पहिल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी टाळी वाजवली.

टर्र-र्र-र्र.

बाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी भिंतीकडे पाहिलं. खिशातून टेप काढून या टोकाला मोजलं, आठ फूट. त्या टोकाला मोजलं, आठ फूट. दुसऱ्या खोलीत, तिसऱ्या खोलीत, बाराव्या खोलीत, आठ आणि आठ. नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला टेप सट्‌कन आत गेला आणि अंगठा कापला गेला, तेही त्यांना कळलं नाही.

दुपारी धाकटे साहेब आले. सगळं ऐकून म्हणाले, “नाना, आता राहू द्या ना. आतून फोम चिकटवू.”

“फोमने खोली बहिरी होईल,” बाई म्हणाल्या. “उशीत तोंड खुपसून गायल्यासारखं.”

“पाडा!” नाना गरजले.

“उद्घाटनाची तारीख छापून गेलीय. परवापासून गिलावा आहे.” साहेबांनी चष्मा पुसला. “आणि पाडायचंच असेल, तर चूक कुणाची हे आधी कागदावर येईल. नकाशात पंच्याण्णव आहे, मिस्त्रीने नव्वद बांधलं. उद्या सकाळी बैठक घेऊ. मिस्त्रीला कामावरून काढलं असं पत्र तयार करतो, मग पाडण्याचं बघू.”

“काढाच!” असं नाना म्हणून गेले आणि मिस्त्रीला शोधायला निघाले.

मिस्त्री हॉलमध्ये परांचीवर होता. नाना खालून ओरडले, “उतर खाली!”

“या नाना. चहा सांगू?”

“चहात बुडव मला! त्या सहा भिंती सरळ कुणी केल्या?”

मिस्त्री झटकन खाली उतरला. आजूबाजूला बघून त्याने नानांचा दंड धरला आणि त्यांना खांबाआड नेलं. “हळू बोला. कुणी ऐकेल.”

“ऐकू दे! अख्ख्या गावाला ऐकू दे!”

“नाना, मी कुणाला चकार शब्द बोललो नाही. त्या इंजिनिअरलासुद्धा नाही. तो कागद घडी करून माझ्या खिशात आहे.” त्याने खिशावर थाप मारली. “होतं माणसाचं. गेल्या साली तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रेघ सरकली एकदा, उतरली सहा ठिकाणी. धाकटे साहेब टपलेलेच आहेत तुम्हाला घरी बसवायला. म्हटलं, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला? म्हणून गुपचूप गुण्यात घेतल्या.”

गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन बघायचं हत्यार. तीस वर्षं नानांनी त्याच गुण्याची शपथ घातली होती.

नानांनी दंड सोडवून घेतला. “मी चुकलो? मी? असं वाटलं तुला?”

“मग काय वाटायचं? अर्ध्या इंचासाठी तुम्ही माझ्याकडून जिना पाडून घेतला होता. तुमची भिंत दहा इंच वाकडी! पहिल्यांदा मलाच रडू आलं.”

“विचारायचं होतंस! फोन काय कान खाजवायला ठेवलायस?”

“काय विचारायचं? ‘नाना, दिसत नाही का आता?’ असं विचारू? तुम्ही तरी लिहायची होती एक ओळ! मुद्दाम आहे म्हणून. एक ओळ लिहिताना शाई संपत होती?”

नानांनी त्याचं मनगट धरलं. त्यांनी मिस्त्रीला पहिल्या खोलीत नेलं आणि टाळी वाजवली. मिस्त्रीने कान टवकारले. स्वतः एकदा वाजवली, मग पुन्हा. विटांवरून हात फिरवत म्हणाला, “इतक्या सरळ भिंतीत हा असला घाणेरडा आवाज?”

“सरळ आहे म्हणूनच.”

मग मात्र मिस्त्री पेटला. त्याने थापी जमिनीवर आपटली. “म्हणजे तीस वर्षं वाकडं बांधलं म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि आज आयुष्यातलं सगळ्यांत सरळ बांधलं तर सरळ बांधलं म्हणून शिव्या! माणसाने जगायचं कसं तुमच्याबरोबर?”

त्या संध्याकाळी नाना घरी आले ते चपला भिरकावतच. एक इकडे, एक तिकडे. बायको भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, “आज कुणाचा आहे?”

“मिस्त्रीचा!”

“बरं.”

“धाकट्याचा! बापाच्या खुर्चीत बसलं म्हणजे काय बाप होता येतं?”

“बरं.”

“त्या बाईंचासुद्धा! मोठ्याने बोलायला काय होतं त्यांना?”

एवढं झाल्यावर नानांनी सगळी हकीकत सांगितली. बायकोने देठ मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, पण ती टीप का नाही लिहिलीत?”

“आता तूही!”

“मी तर तुमच्याशी संसार केलाय. ‘का करतोय’ हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलंत? माझे बाबा वारले तरी त्यांना कळलं नाही, जावई बूट घालून खुर्चीवर का चढले होते. त्यांना वाटत होतं, तुम्ही तसबिरीची चौकट चांदीची आहे का ते बघत होतात.”

नानांनी जेवणाचं ताट सरळ केलं. मग जरा वाकडं केलं. मग पुन्हा सरळ केलं. त्यांच्या लक्षात आलं, की दिवसभर ज्याच्यावर ओरडायचं होतं तो माणूस एकदाही हाताला लागला नव्हता, आणि आता तो त्यांच्याच पाटावर जेवायला बसला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मिस्त्रीने त्यांची अब्रू खिशात घडी करून ठेवली होती, आणि ते त्याला ‘काढाच’ म्हणून आले होते.

सकाळी बैठकीला धाकटे साहेब, बाई, साईटचा इंजिनिअर आणि कोपऱ्यात टोपी हातात घेऊन मिस्त्री. साहेबांच्या पुढ्यात पत्र टाईप करून तयार.

नाना आत आले आणि बसलेच नाहीत. “ते पत्र फाडा!”

“नाना, कालच तुम्ही...”

“काल मी गाढव होतो! चूक माझी आहे! बाईंनी दोनदा सांगितलं, टीप लिहा. मी लिहिली नाही. का? तर माझी ऐट! ज्याने चाळीस इमारतींत माझी एक वाकडी रेघ पाहिली नाही, त्याच्यापुढे मी वाकडी भिंत ठेवली आणि का ते सांगितलं नाही. तो दुसरं काय करणार?”

आता बघा, नाना कबुली देत होते, पण इतक्या जोरात, टेबलावर मुठी आपटत, की बाहेर चहाचे कप धुणाऱ्याला वाटलं, नाना साहेबांनाच झापताहेत. इंजिनिअरने तर घाबरून स्वतःच माफी मागायला सुरुवात केली होती.

धाकटे साहेब सावकाश म्हणाले, “हे तुम्ही लिहून द्याल?”

“टीपच लिहायची राहिलीय ना माझ्याकडून? आणा कागद, लिहितो!” आणि नानांनी उभ्या उभ्या लाल शाईने लिहिलं आणि खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला आणि फाइलमध्ये ठेवला. “मग मुदतवाढीचं कठीण आहे, नाना. तुमचं तुम्हालाच समजतं.”

नानांना समजत होतं. हॉलचं दार उघडेल तेव्हा ते कचेरीत नसतील. त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली, पण ते एवढंच म्हणाले, “माझं जाऊ द्या. भिंती कधी पाडायच्या ते बोला.”

कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला, “गिलावा हॉलच्या बाजूने सुरू करा. तो इकडे येईपर्यंत आठ दिवस मिळतात. सहाच भिंती आहेत. माझ्याच हाताने पाडतो.” साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मान हलवली.

पाडायला एक दिवस लागला. घोडं अडलं ते बांधण्यात. मिस्त्रीचा हात वाकडं बांधेचना! तिरकी दोरी लावून तो चार थर नीट घेई आणि पाचव्या थराला भिंत आपोआप सरळ व्हायला लागे. तीस वर्षांची सवय, हात ऐकतोय कुठे! नाना मागे उभे राहून ओरडत, “वाकडं! वाकडं बांध की रे!” आणि येणारे-जाणारे थबकून बघत. काटकोन गवंड्याला वाकडं बांधत नाही म्हणून शिव्या देतोय, हे बघायला सुतारसुद्धा रंधा टाकून आले.

शेवटी नानांनी त्या सुताराकडून दोन फळ्या मागून घेतल्या आणि स्वतः बसून एक गुण्या केला, पंच्याण्णव अंशांचा. चौतीस वर्षांच्या पुण्याईवर पाणी सोडून केला. एका फळीवर लाल अक्षरात लिहिलं: ‘हा गुण्या मुद्दाम वाकडा आहे. दुसऱ्या कामाला नेऊ नये.’

मिस्त्रीने ते वाचलं आणि इतका हसला की त्याला परांचीचा आधार घ्यावा लागला. “आली का टीप! आली शेवटी!”

“हसू नकोस, वीट लाव!”

त्या गुण्यावर सहाही भिंती सहा दिवसांत उभ्या राहिल्या. आठव्या दिवशी बाईंनी टाळी वाजवली. टप्. बस, एवढंच. शेपूट नाही. बाई काहीतरी म्हणाल्या. नाना पुढे वाकले नाहीत, तरी त्यांना ऐकू आलं.

उद्घाटनाला नाना आमंत्रितांत बसले होते, सतराव्या रांगेत, शेजारी इस्त्रीचा सदरा घातलेला मिस्त्री. धाकट्या साहेबांनी भाषणात काचेचे आभार मानले, दिव्यांचे मानले, मान्यवरांचे मानले. नऊशे माणसांच्या हॉलमध्ये शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता, हीच नानांची पंचाईत झाली. एकही आभार कानावरून निसटला नाही. त्यात ना मिस्त्री होता, ना बाई. नाना ताडकन उठले. “चल.”

दोघे मागच्या बाजूला संगीतशाळेत गेले. पाचव्या खोलीत दार उघडं टाकून एक मुलगी व्हायोलिनवर एकच ओळ घोटत होती. नानांनी आत डोकावून टाळी वाजवली. टप्.

मुलगी थांबली. “काका, अजून बसलं नाही मला. टाळ्या कसल्या वाजवता?”

“तुला नाही वाजवली!” नाना खेकसले. “आणि ऐकून ठेव. इथं चुकलीस तर ती तुझीच चूक. भिंतीवर ढकलायचं नाही. भिंतीत चूक नाही!”

मुलगी बघतच राहिली. नाना तरातरा पुढे गेले, ओळीच्या टोकाच्या झाडू-बादल्यांच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. त्या शाळेतली ती एकुलती एक सरळ खोली. आतून आवाज आला, “आभार मानायला जीभ झिजते काय रे!” आणि सरळ भिंतींनी तो इमानाने टर्र-र्र-र्र करत परत दिला. मग आणखी काय काय गेलं आत, ते मिस्त्रीने बाहेर उभं राहून ऐकलं, पण कधी कुणाला सांगितलं नाही.

दार उघडलं. नानांच्या डोक्याला कोळ्याचं जाळं लागलं होतं.

“झालं?” मिस्त्रीने विचारलं.

“माझं झालं.” नाना बाजूला सरकले आणि त्यांनी दार धरून ठेवलं. “आता तू जा.”